निजल्या देहाचे माप

वेदना लपवणे हा दोष नव्हे. त्या एका लपवण्याच्या बळावर पुष्कळ माणसे दिवसामागून दिवस उभी राहतात, आणि जगाने त्यांचा तेवढा मान राखलाच पाहिजे. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याच्याकडून उपाय हवा त्याच्यापासूनही वेदना लपवली, आणि लपवता लपवता ती स्वतःलाही दिसेनाशी झाली, तर त्या माणसाला अभिमानी म्हणावे की असत्यवादी? जिची ही हकीकत आहे तिने एकतीस वर्षांत कापडाशी कधी खोटेपणा केला नव्हता. तरीही एका दुपारी, गाद्यांच्या दुकानात, नवऱ्यादेखत तिच्यावर खोट्या मापाचा आरोप आला.

"गादी मापाबरहुकूम आहे, मास्तर," गादीवाला म्हणाला. "मापच तुमचं नाही."

ती भांडायला आली होती. नऊ दिवसांपूर्वी घरी नेलेली गादी टेम्पोत घालून परत आणली होती, आणि येताना वाटेत सगळी वाक्ये मनाशी जुळवून ठेवली होती. गादीवाल्याने मात्र त्यांतले एकही वाक्य तोंडाबाहेर पडू दिले नाही. त्याने गादी लाकडी फळीवर पसरली, कपाटातून तिचाच तपकिरी कागद काढला, तो गादीच्या कडेला लावला आणि बाजूला झाला. कागदाची वळणे आणि गादीचे चढउतार केसभरही चुकत नव्हते. तिची नजर सवयीने कडेवरून फिरत गेली, कुठे तरी चूक सापडेल या आशेने, आणि चूक न सापडल्याचा एक विचित्र आनंदही तिला झाला. काम चोख होते. चोख काम समोर असले की तिला रागावता येत नसे. आणि नेमके त्याच वेळी कमरेच्या डाव्या अंगाला, हाडाच्या आत, कुणी टाका ओढून गाठ मारावी तशी ती नेहमीची कळ उठली आणि पायाच्या शिरेने घोट्यापर्यंत उतरली. तिने चेहऱ्यावर काही उमटू दिले नाही.

तिला सगळे मास्तर म्हणत. कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापणीच्या टेबलापाशी जो उभा राहतो त्याला मास्तर म्हणायची रीत होती. तिथे बाई येऊन उभी राहिली म्हणून शब्द बदलावा असे कुणाला वाटले नाही, आणि कुणी बदलला असता तर तिने चालू दिले नसते. शिवणारे बसतात, कापणारा उभा राहतो. शिवण उसवता येते, कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. या दोन वाक्यांवर तिचे सारे आयुष्य उभे होते. गेली सहा वर्षे ते वेदनेसह उभे होते. तज्ज्ञांनी पाठीचे एक्स-रे फोटो उजेडापुढे धरून पाहिले, माना हलवल्या, आणि कुणी क्रूरपणे नव्हे, उलट फारच सौजन्याने सांगितले, की हे बरे होण्यातले नाही, सांभाळण्यातले आहे. तेही तिने सांभाळले असते. पण आडवे होताच वेदना जागी होई, म्हणून चौदा महिने ती बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपत होती, आणि ती झोप मिटलेल्या डोळ्यांच्या जागरणाहून फारशी वेगळी नव्हती. आणि मग तो दिवस आला: जाड लोकरीचे चार पदर एकावर एक, मानेपासून घेरापर्यंत लांबच लांब एक रेघ, आणि त्या रेघेवर कात्री दोन सुतांनी ढळली. मालकाने पाहिले. मालक भला माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, खुर्ची मागवू का? तुम्ही बसून नुसती नजर ठेवा. कात्री चालवतील दुसरे." त्या भलेपणाने तिच्या गालफडात मारल्यासारखे झाले. "एक महिना द्या," ती म्हणाली. "रेघ पुन्हा ढळली तर कात्री मीच तुमच्या हातात ठेवीन." त्या महिन्यातले वीस दिवस आता सरले होते.

गाद्या काही कमी झाल्या नव्हत्या. डॉक्टरांनी कडक सांगितली म्हणून काथ्याची आली; ती म्हणजे पाठीवर रोज उभा राहणारा खटला. नणंदेने मऊ सांगितली म्हणून रबराची आली. तीत देह रुतून बसे आणि कूस बदलायला दोन माणसे लागत. मग स्प्रिंगांची, मग नुसती फळी, मग फळीवर घोंगडी. नाकारलेली प्रत्येक गादी कुणा ना कुणा नातलगाकडे नांदायला गेली, आणि नणंद दर वेळी नव्या गादीवर बसून, दोनदा उसळून, म्हणे, "वहिनी, तुमच्या पाठीला एकही स्थळ पसंत पडत नाही बघा! वय वाढत चाललंय तिचं, आता थोडं पदरात पाडून घ्या." सगळे हसत, तीही हसे. पण हसता हसता एकदा तिच्या ध्यानात आले, की यांतली एकही गादी तिच्यासाठी बेतलेली नव्हती. तयार कोट घालणाऱ्या माणसांकडे ती आयुष्यभर किंचित करुणेने पाहत आली होती. आणि स्वतः तयार गाद्यांवर निजत होती! त्याच संध्याकाळी तिने कारखान्यातला रुंद तपकिरी कागद घरी आणला, दारावर उभा डकवला, त्याला कुशीने टेकून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, पेन्सिल घ्या. मानेपासून टाचेपर्यंत एकसलग ओढा. हात उचलू नका."

नवरा आयुष्यभर जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत नकाशे रेखत आलेला, आता निवृत्त. एकसलग रेघ त्याच्याइतकी कुणाला साधत नव्हती. त्याने ओढली. तिने तो कागद बेतला, कडा कापल्या, आणि गादीवाल्यापुढे ठेवला. तेव्हाच गादीवाला म्हणाला होता, "बाई, माझी एक पद्धत आहे. आत येऊन जरा आडव्या झालात तर…" तिने त्याला पुरते बोलू दिले नव्हते. "माप मी आणलंय. तुम्ही फक्त भरा."

आता ती नवऱ्याकडे वळली. "अहो, बोला ना. रेघ तुम्हीच ओढलीत."

"रेघ बरोबर आहे," नवरा म्हणाला. "समोर जे होतं त्याचीच ओढली."

"समोर मीच होते ना?"

"होतीस. पण पंधरा वर्षांपूर्वीची."

गादीवाला गादीच्या कडेचा एक धागा उगीचच सारखा करू लागला. ती हळू आवाजात म्हणाली, "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. "इतक्या दिवसांनी तुला तशी ताठ उभी बघितली गं. पेन्सिल मुद्दाम हळू चालवत होतो."

काही अपराध असे असतात की ते कळल्यावर शिक्षा कुणाला करावी हेच समजत नाही. ती फळीच्या कडेला हात टेकून उभी राहिली, आणि तिला ज्यांनी कात्री धरायला शिकवली ते थोरले मास्तर तिच्या मनात खाकरले. "पोरी, टेप बघितली की माणूस फुगतो," ते म्हणत. "पोट आत घेतो, छाती काढतो, पडका खांदा उचलतो. त्याला सरळ उभे राहा असं सांगायचंच नाही; तो राहतोच, आणि तेच आपलं दुखणं. आधी त्याच्याशी बोलायचं. मुलाबाळांचं विचारायचं, घराच्या गळक्या छपराचं विचारायचं. तो स्वतःला विसरला की गुपचूप टेप टाकायची." तिने एकतीस वर्षे हेच केले होते. किती फुगलेल्या छात्या तिने गप्पांनी उतरवल्या होत्या! आणि मापांच्या वहीत वाकड्या खांद्याचा उल्लेख कधी शब्दांत करायचा नाही, कारण गिऱ्हाईक वही वाचू शकते. त्या आकड्याशेजारी फक्त एक टिंब द्यायचे, ते कापणाऱ्यानेच ओळखायचे, आणि तिथे अस्तराखाली भर घालून माणसाची अब्रू राखायची. गावातल्या किती थोर माणसांची टिंबे तिला ठाऊक होती, आणि ती कधी तिच्या ओठांवर आली नव्हती. स्वतःच्या कागदावर मात्र तिने एकही टिंब दिले नव्हते. कारण दाराला टेकताच तिने पोट आत घेतले होते, डावी कंबर वर उचलली होती, श्वास रोखला होता, आणि हे सारे केल्याचे तिला ठाऊकही नव्हते. ज्या लबाडीला ती दुसऱ्यांत दाराच्या उंबऱ्यावरच ओळखे, ती तिच्या स्वतःच्या देहाने तिच्या डोळ्यांदेखत केली होती. आणि उभे माप आडव्या देहाला लावले होते! शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक. चूक करायलाही मास्तरच लागतो, असे तिला वाटले, आणि त्या विचाराने तिला हसू आले, तेव्हा कुठे तिची मान वर झाली.

"तुमची पद्धत काय आहे?" तिने विचारले.

मागच्या खोलीत जमिनीसरशी एक लांबरुंद लाकडी पेटी होती. तीत वीतभर बारीक चाळलेली वाळू सपाट करून ठेवलेली, तीवर पातळ सुती कापड. "माझ्या वडिलांची," गादीवाला म्हणाला. "ज्याला कुठलीच गादी मानवत नाही, त्याला आधी इथे निजवायचं. वाळू खुशामत करत नाही. मी बाहेर थांबतो. पंधरा मिनिटं. घाई करू नका, तिला घाई चालत नाही." तो दार लोटून गेला. खोलीत कापसाचा कोरडा, उबट वास होता. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी तिरकी उतरली होती. तिने चपला काढल्या. परक्याच्या घरात, दिवसाढवळ्या, ती कधी आडवी झाली नव्हती. आजारपणातही पाहुणे आले की उशीला टेकून बसे. उभे राहणे हा तिचा धर्म होता, आणि आडवे होणे म्हणजे तिला नेहमी कसली तरी कबुली वाटत आली होती. नवऱ्याने खांद्याखाली हात घातला. तो तिने या वेळी दूर सारला नाही.

वाळू थंड होती. पहिल्यांदा तिने तिथेही तेच केले. कंबर धरली, पोट धरले, टाचा जुळवल्या, जणू झोपेतही कुणी टेप घेऊन येणार होते. नवरा शेजारच्या स्टुलावर बसला. त्याने काही क्षण पाहिले आणि मग, कुणी विचारलेले नसताना, कचेरीतली एक गोष्ट काढली. "आमच्याकडे एक साहेब होते बघ, ढेकूळ म्हणायचे सगळे त्यांना. त्यांनी एकदा तळं टेकडीच्या माथ्यावर काढलं."

"चला! काहीतरीच."

"अगं, खरंच. मी म्हटलं, साहेब, पाणी वाहून जाईल. तर म्हणतात, नकाशात कुठे वाहतंय?"

ती हसली. हसताना पोट सुटले. "मग?"

"मग काय, वर पाठवला तसाच. तीन महिन्यांनी शेरा आला: तळे उत्तम आहे, फक्त ते गावात आणावे." ती पुन्हा हसली, आणि त्या दुसऱ्या हसण्यात, कुठल्या क्षणी ते तिला कळलेही नाही, तिची कंबर तिच्या हातातून सुटली. सहा वर्षे घट्ट धरलेली मूठ उघडावी तसा देह डावीकडे ओळंबला. वेदना आली, पण ती धावून आली नाही, वाट मोकळी झालेल्या पाण्यासारखी पसरत गेली. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. नवरा थांबला नाही. ढेकूळ साहेबांची दुसरी गोष्ट सांगू लागला. तिला ऐकता ऐकता कळले, की हा माणूस थोरल्या मास्तरांची विद्या तिच्यावरच चालवतो आहे. तिनेच कधीतरी जेवताना ती त्याला सांगितली असणार. तिने डोळे मिटून घेतले आणि त्याला ती चालवू दिली.

पंधरा मिनिटांनी गादीवाला आत आला आणि त्याने व नवऱ्याने मिळून तिला उचलले. कापड अलगद काढले. वाळूत एक देह निजला होता. तिने तो प्रथम परक्याचा म्हणून पाहिला, कारण तिला तसेच पाहता येई. डाव्या कमरेचा खोल खळगा. उजवा खांदा मात्र वाळूला जेमतेम शिवलेला, जणू तो निजलाच नव्हता. पाठीचा कणा सरळ नव्हे, मंद बाकाचा, डावीकडे वळून पुन्हा सावरलेला. उजवी टाच डावीपेक्षा चार बोटे पुढे. गिऱ्हाईक असते तर तिने चार टिंबे दिली असती आणि मनात हळहळली असती. मग तिची नजर उजव्या खांद्यावर थांबली. मोठी कात्री उचलली की खांदा असाच वर राहतो. कात्री लोटताना उजवे पाऊल असेच पुढे जाते. टेबलाच्या कडेला देह असाच डाव्या कमरेने टेकतो, दिवसाचे आठ तास, वर्षाचे बारा महिने. ती वाळूवर आणखी वाकली. नवऱ्याला वाटले तिला वाईट वाटले. पण तिच्या छातीत जे भरून येत होते ते वाईट वाटणे नव्हते.

"बघितलंत?" ती म्हणाली. "ही निजली नाहीये. ही टेबलापाशी उभी आहे."

देह बिघडला नव्हता. बेतला गेला होता. एकतीस वर्षे ती कापड बेतत होती आणि टेबल तिला बेतत होते, एकही टाका न घालता. दारावरच्या कागदातली ती सरळ बाई देखणी होती, पण तिने एकही कोट कापला नव्हता. जी काही शेकड्यांनी माणसे या शहरात अंगाला नीट बसलेला कोट घालून लग्नाला, मुलाखतीला, प्रेतयात्रेला गेली असतील, ती या वाळूतल्या वाकड्या बाईच्या जोरावर गेली होती. हिला लपवायचे? हिच्यासाठी तर दार उघडून सगळ्यांना आत बोलवावे, असे तिला त्या क्षणी वाटले.

"टेप द्या," ती गादीवाल्याला म्हणाली.

मग तिने स्वतः मापे घेतली. वाळूवर आडवी पट्टी धरून तिथून खाली खोली मोजत गेली आणि आकडे मोठ्याने, स्पष्ट, न अडखळता बोलत गेली. नवऱ्याने सारख्या खोलीची ठिकाणे रेघांनी जोडली. कागदावर वळ्यांमागून वळ्या उमटल्या आणि तिचा देह एखाद्या मुलखासारखा दिसू लागला. "ही दरी," तो कमरेपाशी म्हणाला, "आणि इथे तळं काढू का?" "गप्प बसा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन, जिथे जिथे द्यायला हवे होते तिथे तिथे ठळक टिंब दिले.

भरण्यावरून मात्र वाद झाला. गादीवाल्याचे म्हणणे, कमरेखाली सरळ मऊ कापूस घालावा. ती म्हणाली, "नुसता खळगा करू नका. खांद्याखाली भर घालताना आम्ही तिची कड झिजवत झिजवत नेतो, नाहीतर कोटात पायरी दिसते. इथे पायरी झाली तर ती मला झोपेत टोचेल. रबराचे थर कापून द्या, एकाहून एक लहान. नाहीतर मीच कापते."

"माझ्या दुकानात माझ्याशिवाय कुणी सुरी धरत नाही, मास्तर."

"माझ्या टेबलावर तरी कुणाला धरू देते मी?"

 मग गादीवाल्याने सुरी पुसली, उलटी करून मूठ तिच्याकडे केली, आणि म्हणाला, "घ्या. पण रबर ओढून कापू नका, दाबून कापा. कापडासारखं नाही ते." तिने तसे कापले; पहिला थर बिघडला, तेव्हा त्याने तो न बोलता बाजूला ठेवला, आणि दुसरा जमला तेव्हा तसाच न बोलता मान हलवली. खाली काथ्या, मध्ये तिने उतरत्या कडांनी कापलेले रबर, वर पिंजलेला कापूस.

सातव्या दिवशी गादी घरी आली. आतल्या खोलीत, पलंगावर, नवऱ्याच्या शेजारच्या त्या जागेवर जिथे चौदा महिने घडी केलेल्या चादरींची चळत होती. रविवारची सकाळ होती. ती निजली, कंबर त्या उतारात उतरली आणि खालून कुणीतरी तळहात दिल्यासारखी थांबली, उजव्या खांद्याला प्रथमच काही टेकायला मिळाले. तिने छताकडे पाहत वेदनेची वाट पाहिली. ती होतीच. पण आजवर घरभर हिंडून भांडी आदळणारी ती, आता एका खोलीत स्वतःशी पुटपुटत बसली होती. काही वेळाने तिने नवऱ्याला विचारले, "दहा मिनिटं तरी झाली का हो?" तो दारात उभा होता, हातात थंड झालेला चहा. "साडेतीन तास," तो म्हणाला.  "तुझी नणंद येऊन बघून गेली. म्हणाली, स्थळ जमलं वाटतं."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिने जाड लोकरीचे चार पदर टेबलावर पसरले. हे कोणत्याही दिवशी करता आले असते, पण तिने मालक समोर येऊन उभा राहीपर्यंत वाट पाहिली. सगळ्यांची यंत्रे एकेक करून थांबली. तिने डावी कंबर टेबलाच्या कडेला टेकवली, उजवे पाऊल पुढे घेतले, खांदा उचलला; हे सारे ती नेहमीच करत आली होती, पण आज तिला ते करताना दिसत होते. कात्री मानेपासून घेरापर्यंत गेली. मालकाने वाकून खडूची रेघ पाहिली, मग कड पाहिली, मग पुन्हा रेघ. रेघ कडेवर होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"मास्तर," तो म्हणाला, "मी त्या दिवशी जे बोललो…"

"त्या दिवशी तुमचं चुकलं नाही. मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं." तिने कात्री खाली ठेवली, आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता. "माझी पाठ दुखते. सहा वर्षं दुखतेय, पुढेही दुखेल. रोज दुपारी मी अर्धा तास आडवी होणार. मागच्या खोलीत जागा करून द्या, गादी मी आणीन. बाकीचा वेळ कात्री माझी."

"अर्धा तास पुरेल?" मालकाने विचारले.

"माप घेतलंय," ती म्हणाली.

त्या मागच्या खोलीत तिची अर्ध्या तासाची शांती तिला जन्मभर लाभो. ज्याने रेघ हळू ओढली आणि ज्याने वाळू चाळून ठेवली, त्या दोघांच्याही पाठीखालची जमीन मऊ राहो. आणि आज जिथे जिथे कुणी दात आवळून ताठ उभे असेल, त्याला आपले खरे माप निर्भयपणे सांगता येईल असे एक तरी माणूस भेटो.